लालपत्तीची रात्र

डिसेंबर सरताना माणसं कुठून कुठं काय नेतात हे एसटीच्या वाहकाला विचारावं. बत्तीस वर्षं मी तिकिटं फाडली. गडचिरोली-धानोरा-मुरूमगाव ही गाडी तर इतक्यांदा केली, की चातगाव आलं हे डोळे मिटूनही कळायचं. नाताळच्या सुट्ट्यांत इकडून नागपूरकडे जाणारं सामान ठरलेलं असे. नव्या धानाचा तांदूळ, तुरीच्या हिरव्या शेंगा, कुणाकडे मोहाच्या फुलांची पिशवी. तिकडून येताना स्वेटर, केकचा खोका, नातवाची तीन चाकांची सायकल. नोकरीच्या शेवटच्या चार-पाच वर्षांत त्यात एक नवा प्रवासी वाढला. सोनेरी कागदात गुंडाळलेली, टकटकीत लाल पानांची कुंडी.

"काका, हिचं तिकीट लागते का जी?"

"मांडीवर घेतली तर नाही."

लोक हसायचे. गडचिरोलीपासून धानोऱ्यापर्यंतचे ३५-४० किलोमीटर ती कुंडी तान्ह्या लेकरासारखी मांडीवर यायची. महिन्याभरानं तीच माणसं पुन्हा गाडीत भेटली आणि मी कुंडीची खुशाली विचारली, की उत्तर एकच असे, "मेली ना जी. आपल्याकडं नाही टिकत ते. थंड मुलखातलं झाड."

निवृत्त झालो आणि ती कुंडी माझ्याच घरी आली. मुलगी नागपूरला ज्युनियर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. २०२२ च्या नाताळात सुट्टीवर आली ती हातात लाल पानं घेऊनच. अडीचशे रुपये दिले होते. नर्सरीवाला तिला 'लालपत्ती' म्हणाला होता, चिठ्ठीवर 'पॉइनसेटिया' छापलेलं होतं. आमच्याकडे लालपत्तीच रूढ झालं.

नव्या जावयाची करावी तशी मी तिची सरबराई केली. सकाळी एक तांब्या, संध्याकाळी एक तांब्या. रात्री थंडी बाधू नये म्हणून घरात, चुलीच्या भिंतीला टेकून. सोनेरी कागद काढायचं तर मनातही आलं नाही, शोभा जाईल ना! बाराव्या दिवशी खालची पानं पिवळी पडली. मला वाटलं तहान लागली, म्हणून आणखी एक तांब्या. मकरसंक्रांतीच्या आधीच नुसती काडी उरली. कागद फाडून पाहिला तर आत चार बोटं पाणी साचलेलं, घाण मारणारं, आणि मुळं शिजलेल्या शेवयांसारखी. ती थंडीनं गेली नव्हती, मी तिला बुडवून मारलं होतं.

बायको काहीच बोलली नाही. तिनं शेंड्याकडची एक टणक फांदी वीतभर कापली, चिकाचं पांढरं थेंब-थेंब दूध राखेनं टिपलं आणि ती फांदी तेलाच्या जुन्या पिप्यात खोचली. पिप्याच्या बुडाला खिळ्यानं पाडलेली सात भोकं. माती, शेणखत, थोडी वाळू. "पाणी मी घालन," एवढंच म्हणाली. म्हणजे मी घालायचं नाही.

फांदी लागली. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा ती न्हाणीच्या मागं सावलीत होती. पावसाळ्यात तिला छपरीच्या कोपऱ्यात, रस्त्याच्या बाजूला मातीत लावली. दिवाळीपर्यंत माझ्या खांद्याला आली. दुकानातून आणलेलं झाड हातभर आणि हे एवढं कसं, तर मुलीनं सांगितलं की नर्सरीत वाढ रोखायचं औषध देऊन ती बुटकी ठेवतात. औषध ओसरलं की झाड आपल्या मूळ उंचीवर येतं.

आणि मग २०२३ चा डिसेंबर. मी ज्यासाठी हे लिहायला बसलो ती गोष्ट इथं आहे. झाडाची घराकडची बाजू कुंकवासारखी लाल झाली आणि रस्त्याकडची बाजू हिरवीगार राहिली. एकाच बुंध्याच्या फांद्या, एकच माती, एकच पाणी. जणू कुणी मधोमध रेघ ओढून अर्धंच रंगवलं होतं. गावातली पोरं बघायला यायची. एका म्हाताऱ्यानं तर "पाहुण्याची नजर लागली" असं निदानही केलं.

मुलगी सुट्टीवर आली, झाडाभोवती एक फेरी मारली आणि वर बोट केलं. रस्त्याच्या खांबावर त्या पावसाळ्यात नवा पांढरा दिवा लागला होता. रात्रभर त्याचा उजेड त्या अर्ध्या फांद्यांवर पडायचा. उरलेल्या फांद्या छपरीच्या सावलीत होत्या.

"बाबा, हिला रात्र मोजता येते," ती म्हणाली. "आणि तुमच्या दिव्यानं अर्ध्या झाडाची मोजणी चुकवली."

मग तिनं मला जे समजावलं ते थोडक्यात असं. लालपत्तीचं जे लाल दिसतं ते फूल नव्हेच, रंगलेली पानं ती. खरी फुलं मधे असतात, ज्वारीच्या दाण्याएवढी पिवळी बोंडं. लाल व्हायचं की हिरवं राहायचं हे झाड थंडीवर ठरवत नाही, अंधारावर ठरवतं. रात्र बारा तासांच्या वर गेली, आणि तशा लांब, अखंड रात्री दीड-दोन महिने सलग मिळाल्या, की ते रंगतं. मधेच उजेड पडला की हिशेब मोडतो. अमेरिकेत गार्नर आणि अ‍ॅलार्ड या दोघांनी १९२० साली तंबाखूच्या एका वाणावरून हे प्रथम मांडलं. तो तंबाखू उन्हाळाभर नुसता वाढायचा, फुलायचाच नाही, दिवस लहान केले की फुलायचा. त्यांनी दिवस मोजले. पुढं १९३८ मध्ये हॅमनर आणि बॉनर यांनी कपड्याला काटेरी बोंडं चिकटवणारं ते आपल्याकडेही नदीकाठी माजणारं तण घेतलं आणि दाखवलं, की दिवसाला मधे अंधार दिला तर झाडाला फरक पडत नाही, पण रात्रीला मधे थोडा उजेड दिला तर फुलणंच थांबतं. म्हणजे झाड मोजतं ती रात्रच.

आपली शेवंतीही याच कुळाचारातली. म्हणून तर ती पावसाळ्यात हिरवी वाढते आणि दिवाळीच्या आसपास कळ्या धरते. पॉलीहाऊसवाले काळं कापड ओढून किंवा रात्री दिवे लावून तिला हव्या त्या महिन्यात फुलवतात ते याच जोरावर. नर्सरीत हल्ली ढिगानं दिसणारं कलांचो, छोट्या जाड पानांचं आणि लाल-पिवळ्या-केशरी गुच्छांचं, तेही तसंच. ते आपल्या पानफुटीचं सख्खं भावंड, मूळ मादागास्करचं.

इथवर मी मान डोलवत होतो. पण एक प्रश्न सुटत नव्हता. लालपत्ती थंड मुलखातली, तर मग आपल्या रात्री तिला मानवतात कशा?

चातगावजवळच्या शोधग्राममधल्या डॉ. राणी बंग यांनी इथल्या बायांना झाडांबद्दल काय माहीत आहे ते ऐकून एक पुस्तक लिहिलं, 'गोईण'. गोईण म्हणजे मैत्रीण. इथली बाई झाडाला मैत्रीण म्हणते. मैत्री करायची तर माणूस आधी विचारतो ना, बाई, तुझं गाव कोणतं? लालपत्तीला ते आपण कधी विचारलंच नाही. नाताळात दिसते म्हणून बर्फाळ देशातली धरून चाललो.

तिचं गाव मेक्सिको. जोएल पॉइनसेट हा १८२५ साली अमेरिकेचा तिथला पहिला वकील म्हणून गेला, त्यानं तिची रोपं आपल्या दक्षिण कॅरोलिनाला धाडली आणि तिला त्याचं नाव चिकटलं. पण ती मुळात वाढते प्रशांत महासागराकडच्या डोंगरउतारांवर, उन्हाळ्यात पानं झडणाऱ्या कोरड्या जंगलात, पुरुषभर उंचीच्याही वर. ताश्को गावाच्या आसपास तर ती प्रसिद्धच. मुलीनं नकाशा उघडून दाखवला. ताश्को साडेअठरा अक्षांशावर. धानोरा वीसवर. म्हणजे आपली आणि तिची रात्र जवळजवळ सारखी, डिसेंबरात तेरा तासांची. जंगलही तसंच, पानझडीचं.

मग थंड मुलखातलं काय होतं? सोनेरी कागद, पाणी धरून ठेवणारा नारळाच्या काथ्याचा भुसा, आणि इंटरनेटवरच्या सूचना. हीटरपासून लांब ठेवा, खिडकीच्या गार झोतापासून वाचवा, सकाळी आठपर्यंत खोक्याखाली झाका. धानोऱ्यात हीटर कुणाकडे आहे? पहाटे आठ-दहा अंशांपर्यंत उतरलं तर छपरीतून घरात घ्यावी हे खरं, कारण गारठ्यानं तिची पानं मान टाकतात. पण दुपारी परत उन्हात. चुलीजवळ मुळीच नको, तिथं धूर आणि ऊब दोन्ही लागतात. पाणी बोट खुपसून बघावं. पेराएवढी माती कोरडी असेल तरच घालावं, आणि हापशीचं सकाळचं कोमट पाणी हिवाळ्यात उत्तम. एवढीच तिची सेवा.

खोक्याची युक्ती मात्र आपल्याही कामाची, दिव्याखाली ज्यांचं घर आहे त्यांच्या. नवरात्रापासून कार्तिक सरेपर्यंत संध्याकाळी सहाला खोकं घालायचं, सकाळी काढायचं. मी आळशी, मी झाडच हलवलं. दिवा घालवा असं माझं म्हणणं नाही. या भागात रात्री रस्त्यावर उजेड असणं म्हणजे काय हे ज्यांची पोरं विंचू-सापाच्या भीतीनं अंगणात जात नव्हती त्यांना विचारा. झाडासाठी माणसानं अंधारात पाय टाकू नये. झाडाला घराच्या मागच्या बाजूला जागा आहे. २०२४ मध्ये तिथं ती पूर्ण लाल झाली, रस्त्यावरून कुणालाच दिसली नाही एवढंच.

आता दुकानात कुंडी घेताना काय बघायचं ते सांगतो, कारण फसवणूक रंगातच होते. लालपत्ती घेताना लाल पानांकडे बघूच नका, मधली पिवळी बोंडं बघा. ती घट्ट, भरलेली असतील तर झाड ताजं, दोन महिने साथ देईल. गळून नुसते देठ उरले असतील तर तिचा बहर संपत आला, सवलतीत दिली तरी घेऊ नका. शेवंती आणि कलांचो अर्धे कळ्यांत, अर्धे फुलांत असे घ्या. पूर्ण उमललेली शेवंती म्हणजे मांडव सुटायला आलेलं लग्न. कुंडी उचलून बुडाचं भोक बघा, बंद असेल तर दुकानातच उघडा. आणि सोनेरी कागद घरी आल्याबरोबर काढा, पाहुण्यांसाठी ठेवायचाच असेल तर पाहुणे गेल्यावर काढा.

आमच्या घरी मात्र बायकोचं मत वेगळं आहे आणि ते मी लपवत नाही. ती म्हणते, "अडीचशे रुपयांत का आणली एक? माही शेवंती बघा." तिच्याकडे एका चुलतजावेनं दिलेल्या एका काडीपासून झालेल्या पिवळ्या शेवंतीचे अकरा पिपे आहेत. शिवाय कुंपणाला कोरांटी, तिला तर कुणी पाणीही घालत नाही आणि कडाक्याच्या थंडीत ती फुलते. कुंद आहे, पांढरा, माघापर्यंत चालणारा. मार्गशीर्षातल्या गुरुवारी घटाजवळ ठेवायला तिला बाजारात जावं लागत नाही. गोंडीत फुलाला पुंगार म्हणतात. शेजारची म्हातारी सकाळी कुंपणावरून "पुंगार दे वो" म्हणत हात पुढं करते आणि ओंजळभर घेऊन जाते. हिवाळा हाच आपल्याकडे फुलांचा हंगाम आहे. मे-जूनच्या बागेच्या गप्पा आपल्यासाठी नाहीतच.

म्हणूनच हल्लीची एक पद्धत मला खटकते. पाहुण्याचं स्वागत पुष्पगुच्छाऐवजी रोप देऊन करायचं, असं जिकडंतिकडं सुरू झालं. विचार चांगला, मी टाळ्याही वाजवल्यात. पण ही रोपं येतात कुठून? नागपूरहून. ज्या तालुक्यात मेंढा-लेखानं २००९ साली अठराशेहून अधिक हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला, देशात सगळ्यांत आधी, त्या तालुक्यात पाहुण्याच्या हातात आपण सुमारे दोनशे किलोमीटरांवरून आणलेलं, काथ्याच्या भुशातलं, सोनेरी कागदातलं रोप ठेवतो. पाहुणा ते गाडीत विसरतो. नाही विसरला तर ते कचेरीतल्या टेबलावर बसतं, ट्यूबलाइटखाली, रात्रीचा पहारेकरी दिवा चालू ठेवतो म्हणून त्याला रात्र अशी मिळतच नाही. उरलेला चहा त्यात ओतणारे मी डोळ्यांनी पाहिलेत. प्रजासत्ताक दिनापर्यंत काडी. २७ जानेवारीला कुंडी खिडकीबाहेर, तिच्यात सिगारेटची थोटकं.

त्यापेक्षा पानफुटीचं एक पान द्या. खरंच. पाकिटात मावतं, वाटेत मरत नाही, टेबलाच्या खणात विसरलं तरी काठाकाठानं कोंब काढतं.

सुट्ट्यांचा प्रश्न राहिला. झाडीपट्टीत दिवाळीनंतर मंडई लागते, मग नाटकं. रात्रभर नाटक बघून दिवसा झोपणाऱ्या घरात कुंड्यांना पाणी कोण घालणार? नाताळात लेकीकडे आठ दिवस गेलो की कुंड्या कुणाच्या भरवशावर? बरेच जण जाताना प्रत्येक कुंडीखाली काठोकाठ भरलेली ताटली ठेवून जातात. हे मात्र करू नका. एक तर त्यानं मुळं कुजतात. दुसरं, राज्यात हिवतापाचा सगळ्यात मोठा भार वर्षानुवर्षं आपला जिल्हा वाहतो. आशाताई दारोदार येऊन पाणी साचवू नका म्हणून सांगतात, आणि ताटलीतलं साचलं पाणी तर डेंग्यूच्या डासाला आयतं. ऊब असेल तर आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो, म्हणजे तुम्ही सुट्टीवरून परत येता तोवर घरात तो तुमच्या स्वागताला.

आमची युक्ती दिव्याच्या वातीची. वात तेल वर ओढते, तशीच पाणीही ओढते. झाकणाची बादली स्टुलावर ठेवायची. जुन्या लुगड्याच्या बोटभर रुंद पट्ट्या फाडून आधी भिजवून घ्यायच्या. पट्टीचं एक टोक बादलीच्या तळाला, दगडाखाली दाबून. दुसरं टोक कुंडीच्या मातीत तीन बोटं खोल. झाकण लावायचं, पट्ट्या जातील एवढीच फट. बादली वर आणि कुंड्या खाली हवी, उलट केलं तर काम फार हळू होतं. निघायच्या दोन दिवस आधी लावून बघावं, म्हणजे पट्टी फार ओढते की कमी ते कळतं. गेल्या वर्षी आम्ही दहा दिवस नागपूरला होतो, परत आलो तेव्हा बादलीत पावभर पाणी शिल्लक होतं आणि एकही पिपा सुकला नव्हता. कलांचोला पट्टी लावूच नका. त्याच्या पानांतच पाणी असतं, दहा दिवस तहान त्याला कळतही नाही.

बहर संपला की झाड फेकायचं नसतं, हेही बऱ्याच जणांना माहीत नसतं. लालपत्ती मार्चात वीतभर ठेवून छाटायची. चीक डोळ्यांत जाऊ द्यायचा नाही, ती आपल्या शेरा-थोराच्याच घरातली. शेवंतीची वाळली फुलं कापली, की जानेवारीत बुंध्याभोवती मातीतून पिल्लं वर येतात. मुळासकट अलगद सुटतात. एका जुन्या झाडाला आठ-दहा तरी. उन्हाळ्यात त्यांना सावली आणि जुलै-ऑगस्टात शेंडे खुडणं, एवढं केलं की पुढच्या दिवाळीला प्रत्येक पिल्लाचा एक झुबका.

आणि ती पिल्लं निघतात तेव्हाच संक्रांत येते. बायका वाण लुटतात. मागल्या वर्षी आमच्या घरी आलेल्या वाणांत सहा प्लास्टिकचे डबे, चार चाळण्या आणि एक मोबाइल ठेवायचा स्टँड होता. डबे अजून तसेच आहेत, एकाचंही झाकण नीट लागत नाही.

यंदा आमच्याकडे शेवंतीचं वाण आहे. बायकोनं मोजलेत, पिल्लं शंभराच्या आसपास निघतील. १४ जानेवारीपासून रथसप्तमीपर्यंत कधीही या, संध्याकाळी आलात तरी चालेल, छपरीतला बल्ब चालू असतो. येताना पिपा तुमचा आणा, बुडाला भोकं पाडून.